शिवरायांचे आजोबा मालोजीराजे : भीमाकाठच्या पाटलाच्या घरातून घडलेला सरदार

६ जून १६७४. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि भोसले घराणं छत्रपतींचं घराणं झालं. त्या दिवसापासून मागे मोजत जायचं ठरवलं तर पहिलं नाव येतं शहाजीराजांचं, दुसरं मालोजीराजांचं आणि तिसरं बाबाजी भोसले यांचं.

बाबाजी कोण होते? गावचे पाटील.

म्हणजे छत्रपतींच्या सिंहासनापासून फक्त तीन पिढ्या मागे गेलं की आपण थेट भीमा नदीच्या काठावर, शेतसारा, बैलजोड्या आणि गावकीच्या भानगडी बघणाऱ्या एका घरात पोहोचतो. त्या घरातून तलवार घेऊन बाहेर पडलेला आणि सरदार झालेला माणूस म्हणजे मालोजीराजे. शिवरायांचे आजोबा. शहाजीराजांवर, जिजाऊंवर भरपूर लिहिलं, बोललं जातं. मालोजीराजे मात्र रंगपंचमीच्या एका गोष्टीपुरते आठवतात, आणि ती गोष्ट सुद्धा घडली की नाही याबद्दल शंका आहे.

त्यांच्या आयुष्यातल्या बऱ्याच खुणा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आणि त्याच्या आसपास सापडतात. त्या एकेक करून बघितल्या की एका शेतकरी घराण्याचं राजघराणं कसं झालं हे नीट कळतं.

सुरुवात हिंगणी बेरडी आणि देऊळगावपासून

बाबाजी भोसल्यांकडे हिंगणी बेरडी आणि देऊळगाव या गावांची पाटीलकी होती. ही गावं भीमेच्या पट्ट्यातली, आजच्या पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवरची. पुढे या घराण्याचा संबंध वेरूळशी आला, तिथलीही पाटीलकी भोसल्यांकडे होती. म्हणूनच भोसल्यांना वेरूळचे पाटील असंही म्हटलं जातं.

आता पाटीलकी म्हणजे नक्की काय होतं, हे समजून घेतलं पाहिजे. कारण मालोजीराजांची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

पाटील हा गावाचा प्रमुख. पडीक जमिनीवर कुळं आणून बसवणं, सारा गोळा करून सरकारात भरणं, भांडणं मिटवणं, दरोडा पडला तर गाव राखणं ही त्याची कामं. हिशोब लिहायला जोडीला कुलकर्णी. बदल्यात पाटलाला इनाम जमीन मिळायची आणि मानपान मिळायचे. पोळ्याला पहिला बैल पाटलाचा, होळीला पहिली पोळी पाटलाची.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही पाटीलकी वतन होती. वतन वंशपरंपरेने चालायचं. सुलतान बदलला तरी पाटील सहसा बदलायचा नाही, कारण गावाची माहिती आणि कुळांवरचा वचक त्याच्याकडे असायचा. वतनाची वाटणी व्हायची, ते गहाण पडायचं, विकलं आणि विकतही घेतलं जायचं. आणि वतनावरून भांडण झालं की गोतसभा भरायची, साक्षी व्हायच्या, कोणाचा बाप कोण आणि आजा कोण हे सिद्ध करावं लागायचं. त्या निकालाच्या कागदाला महजर म्हणत.

इतिहास शोधणाऱ्यांचं काम यामुळेच सोपं झालं. राजांच्या आधीच्या पिढ्यांची नावं आपल्याला मिळतात ती बऱ्याचदा जमिनीच्या आणि वतनाच्या कागदांमुळे.

नगरच्या सुलतानाचे पूर्वजसुद्धा गावकामगार होते

मालोजीराजे ज्या काळात वाढले त्या काळात हा सगळा मुलूख निजामशाहीच्या ताब्यात होता. १४९० मध्ये मलिक अहमदने ही सत्ता उभी केली आणि त्याच्याच नावावरून अहमदनगर शहराला नाव मिळालं.

गंमत अशी की, फिरिश्ता या इतिहासकाराने या निजामशहाचं मूळही एका गावकामगाराच्या घरात असल्याचं लिहून ठेवलंय. मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला मुलगा, लढाईत पकडला गेला आणि बहमनी दरबारात वाढला, असं तो सांगतो. फिरिश्ता स्वतः नगरच्या दरबारात राहिला होता, त्यामुळे त्याच्या या माहितीला वजन आहे. पुढे निजामशहांनी आपल्या पूर्वजांची पाथरी मिळावी म्हणून वऱ्हाडच्या इमादशाहीशी भांडण उकरून काढलं आणि ती जिंकून घेतली.

म्हणजे एका कुलकर्ण्याच्या वंशातला सुलतान, आणि त्याच्या घराण्याच्या नोकरीत एका पाटलाची मुलं. दख्खनच्या राजकारणात तेव्हा गावातून थेट दरबारात पोहोचण्याची वाट उघडी होती.

पाटलाची मुलं सैन्यात गेली

बाबाजींना दोन मुलं, मालोजी आणि विठोजी. दोघं भाऊ शेवटपर्यंत एकत्र राहिले. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला बसून आपली बखर लिहिली, त्यातही या दोन भावांची नावं जोडीनेच येतात.

तेव्हा घोडदळात दोन प्रकारचे स्वार असायचे. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून किंवा सरदाराकडून मिळायचं तो बारगीर. जो स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन यायचा तो शिलेदार. बारगिराला पगार कमी आणि मान त्याहून कमी. शिलेदाराला दोन्ही जास्त. आणि ज्याच्याकडे स्वतःचे शंभर, दोनशे, हजार घोडे असायचे, त्याला दरबारात खुर्ची मिळायची.

थोडक्यात सांगायचं तर, वर चढायचं असेल तर घोडे पाहिजेत आणि घोड्यांसाठी पैसा पाहिजे.

मग एका पाटलाच्या घरात एवढा पैसा आला कुठून?

इथे बखरी एक गोष्ट सांगतात. मालोजी आणि विठोजी वेरूळला शेती करत होते. एका रात्री मालोजींना देवीचा दृष्टांत झाला आणि शेतात पुरलेलं धन सापडलं. हे धन त्यांनी श्रीगोंद्याच्या शेषाप्पा नाईक पुंडे या सावकाराकडे ठेवलं आणि त्यातून घोडे विकत घेतले.

श्रीगोंदा म्हणजे तेव्हाचं चांभारगोंदे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दृष्टांताची गोष्ट श्रद्धेचा भाग म्हणून बाजूला ठेवली, तरी यातला एक धागा व्यवहाराचा आहे. शेतकरी घर, पेठेतला सावकार आणि त्याच्या पेढीतून उभं राहिलेलं घोडदळ, ही साखळी त्या काळात अगदी नेहमीची होती. फौज उभी करताना सावकार पैसा पुरवायचा आणि जहागिरीच्या उत्पन्नातून तो वसूल व्हायचा. बखरकारांनी सावकाराचं नाव आणि गाव आठवणीने नोंदवलं, यावरून भोसल्यांच्या कहाणीत श्रीगोंद्याचं स्थान किती मोठं होतं ते कळतं.

फलटणची सोयरीक

मालोजीराजांचं लग्न झालं फलटणच्या निंबाळकर घराण्यातल्या उमाबाईंशी. काही ठिकाणी त्यांचं नाव दीपाबाई असंही येतं. निंबाळकर हे त्या काळातलं जुनं, नाव असलेलं देशमुख घराणं. अशा घराण्याने आपली मुलगी भोसल्यांना दिली, याचा अर्थ भोसले तोपर्यंत नुसते गावचे पाटील राहिले नव्हते.

घराण्याची उंची मोजायची असेल तर पदव्यांपेक्षा सोयरिकी बघाव्यात, असं वंशावळी शोधणारे लोक सांगतात. पदवी नंतर कोणीही मागे चिकटवू शकतं, पण लग्न दोन्ही घरांच्या संमतीने आणि चार लोकांच्या साक्षीने होतं.

शहाजी हे नाव आलं नगरच्या पिरावरून

लग्नानंतर बरेच दिवस उमाबाई आणि मालोजीराजांना मूल नव्हतं. नवससायास झाले. शेवटी नगरच्या शहा शरीफ या पिराला नवस बोलला गेला आणि दोन मुलं झाली. त्या पिराच्या नावाचे दोन तुकडे करून एकाचं नाव ठेवलं शहाजी आणि दुसऱ्याचं शरीफजी.

ही गोष्ट फक्त लोकांच्या तोंडी आलेली नाही. ती शिवभारत या संस्कृत काव्यात आहे. हे काव्य लिहिलं कवींद्र परमानंदांनी, शिवाजी महाराजांच्या हयातीत. परमानंद मूळचे नेवाशाचे, म्हणजे याच जिल्ह्यातले. त्यामुळे राजाच्या घरात चालत आलेली आठवण आणि नगरच्या मातीतली माहिती, दोन्ही त्यांच्यापर्यंत पोहोचलेली होती. शहा शरीफांचा दर्गा आजही नगरला आहे.

मालोजीराजे तेवढेच कट्टर शिवभक्त होते. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी केला. आज दिसणारं मंदिर नंतरच्या काळातलं, होळकर घराण्यातल्या स्त्रियांनी बांधून घेतलेलं, पण त्याआधी ते पडझडीतून सावरलं ते मालोजीराजांनी.

भोसल्यांचं कुलदैवत शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव. माण तालुक्यातला हा डोंगर म्हणजे पाण्याचा कायमचा ठणठणाट. चैत्रात यात्रा भरायची आणि उन्हात आलेल्या माणसांचे, जनावरांचे पाण्यावाचून हाल व्हायचे. मालोजीराजांनी तिथे मोठा तलाव बांधून घेतला. शिवभारतातही त्याचा उल्लेख आहे. दुष्काळी भागातल्या पाटलाच्या घरात वाढलेल्या माणसाला देवळाच्या कळसाइतकीच पाण्याची किंमत कळत असणार, हे त्या तलावाकडे बघून पटतं.

आणि तिसरी जागा पुन्हा श्रीगोंदा. संत शेख महंमद हे मालोजीराजांचे गुरू मानले जातात. शेख महंमद सूफी कादरी परंपरेतले, पण त्यांची रचना मराठीत. त्यांचा योगसंग्राम हा ग्रंथ १६४५ मध्ये पूर्ण झाला. मालोजीराजांनी त्यांना श्रीगोंद्याला आणलं, मठ बांधून दिला, जमीन इनाम दिली आणि तिथे मकरंदपूर नावाची पेठ वसवली, असं परंपरा सांगते.

एकाच माणसाच्या आयुष्यात शंभू महादेव, घृष्णेश्वर, शहा शरीफ आणि शेख महंमद असे चौघे आहेत. आज आपल्याला हे वेगळं वाटतं, त्या काळच्या दख्खनमध्ये हे रोजचं जगणं होतं.

नगरचा किल्ला पडला आणि मराठा सरदारांचा भाव वाढला

मालोजीराजांच्या उमेदीचा काळ हा निजामशाहीच्या सगळ्यात वाईट दिवसांचा होता. १५९५ मध्ये अकबराच्या फौजेने नगरला वेढा घातला. चांदबिबीने किल्ला लढवला, पण १६०० मध्ये तिच्याच लोकांनी तिचा खून केला आणि त्यानंतर काही दिवसांत किल्ला मोगलांच्या हाती गेला.

राजधानी गेली, पण निजामशाही संपली नाही. मलिक अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवलं आणि लढाई चालू ठेवली. समोरासमोर मोगलांशी लढणं शक्य नव्हतं. मग रसद तोडायची, अचानक छापा घालायचा आणि डोंगरात पसार व्हायचं, हा मार्ग उरला. त्यासाठी मुलखाची खडा न खडा माहिती असलेले, हलके घोडे बाळगणारे स्वार हवे होते. म्हणजे मराठे हवे होते.

ज्याच्याकडे गावं आहेत, माणसं आहेत आणि घोडे आहेत, अशा मराठा सरदाराची किंमत या काळात अचानक वाढली. मालोजीराजांना जहागीर मिळाली. पुणे आणि सुपे परगणे भोसल्यांकडे आले ते याच वाटेने. ही जहागीर म्हणजे मोकासा, त्या भागाचा महसूल घ्यायचा आणि बदल्यात फौज ठेवायची. मोकासा सुलतानाच्या मर्जीवर असायचा, आज आहे तर उद्या नाही. वतन मात्र आपलं असायचं. भोसल्यांकडे आता दोन्ही होतं.

रंगपंचमीच्या गोष्टीचं काय?

मालोजीराजे म्हटलं की पहिली आठवते ती ही गोष्ट. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या वाड्यात रंगपंचमी चालली होती. छोटे शहाजी आणि छोट्या जिजाऊ एकमेकांवर रंग उडवत होत्या. लखुजींनी कौतुकाने जोडा चांगला दिसतो असं म्हटलं, मालोजींनी लगेच उभं राहून सोयरीक जाहीर केली आणि जाधवांच्या घरातून विरोध झाला. पाटलाच्या पोराला जाधवांची मुलगी कशी द्यायची, असा तो वाद.

नाटक, सिनेमा, मालिका सगळीकडे हा प्रसंग आहे. पण समकालीन कागदांत त्याला आधार मिळत नाही. तो येतो उत्तरकालीन बखरींमध्ये. शिवभारत वेगळंच सांगतं. त्यानुसार शहाजी जेमतेम पाच वर्षांचे असताना मालोजीराजे गेले आणि मुलांची लग्नं चुलते विठोजींनी लावली.

मग ही गोष्ट एवढी टिकली का? कारण तिच्यात खरा सल आहे. जाधव हे मोठे मनसबदार, देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारे. भोसले हे पाटीलकीतून वर आलेले. दोन घराण्यांमधलं अंतर खरं होतं, ते पार करायला मालोजीराजांचं आयुष्य खर्ची पडलं हेही खरं होतं. लोकांनी ते सगळं रंगाच्या एका मुठीत बसवलं.

इंदापूरला शेवट

निजामशाहीच्या बाजूने लढताना मालोजीराजे इंदापूरच्या रणांगणात पडले. उमाबाई सती जायला निघाल्या होत्या, पण मुलं लहान आहेत हे समजावून विठोजींनी त्यांना थांबवलं, असं शिवभारतात आहे.

विठोजींना स्वतःला आठ मुलं होती. तरी त्यांनी भावाची जहागीर आणि भावाची मुलं दोन्ही सांभाळली. त्या काळात वतनासाठी भाऊ भावाच्या जिवावर उठल्याची उदाहरणं गावोगाव होती. विठोजींनी तसं केलं असतं तर शहाजीराजे सरदार झाले असते का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मुलं मोठी झाली आणि दोघंही निजामशाहीसाठी लढायला उतरली. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा एकत्र पराभव केला. शहाजीराजांचं नाव या लढाईने झालं. शरीफजी मात्र याच लढाईत मारले गेले. नगरच्या पिराच्या नावाचा मुलगा नगरच्याच मातीत पडला. भातवडीला त्यांची समाधी आहे.

मग भोसल्यांचं मूळ नक्की कुठलं?

बाबाजींच्या मागे गेलं की वाट धूसर होते आणि दावे सुरू होतात.

पहिला दावा मेवाडच्या शिसोदिया घराण्याचा. राज्याभिषेकाच्या वेळी क्षत्रियत्वाचा प्रश्न उभा राहिला, गागाभट्टांनी विधी केला आणि भोसल्यांचं शिसोदिया कुळाशी नातं सांगणारी वंशावळ पुढे आली. जदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकारांनी तिच्यावर शंका घेतली, इतर काहींनी ती मान्य केली. पण हा दावा १६७४ मध्ये अचानक जन्माला आला असंही म्हणता येत नाही, कारण शहाजीराजांनी आदिलशहाला लिहिलेल्या पत्रात स्वतःला राजपूत म्हटलेलं आहे.

दुसरं मत डॉ. रा. चिं. ढेरे यांचं. त्यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाचा अभ्यास करता करता भोसल्यांचं मूळ दक्षिणेत, कर्नाटकातल्या होयसळांपर्यंत नेलं. कागद कमी पडतात तिथे कुलदैवत बोलतं, अशी त्यांची पद्धत. माणूस गाव सोडतो, भाषा बदलतो, पण कुलदैवत सहसा सोडत नाही.

तिसरी नोंद सापडते पार तंजावरला. तिथले दुसरे सरफोजी राजे हे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांचे वंशज. त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. घरापासून शेकडो मैल लांब, तमिळ मुलखात, आपण कोण आणि कुठून आलो हे दगडावर लिहून ठेवावं असं त्यांना वाटलं. तो लेख आजही तिथे आहे.

वा. सी. बेंद्रे यांनी कागद धुंडाळून मालोजीराजे आणि शहाजी महाराजांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे बखरीतल्या मालोजींच्या मागचा खरा माणूस दिसायला लागला.

आपल्याकडे सामान्य घरांचे पूर्वजही असेच सापडतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आजोबा, पणजोबांची नावं मिळतात. कोल्हापूर, सांगली भागात हेळवी दारात येऊन पिढ्या म्हणून दाखवतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले रुमाल आहेत. २०२३ मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, तेव्हा आपला खापरपणजा शेती करायचा हे कागदावर बघायला लाखो घरं धडपडली.

भोसल्यांच्या बाबतीत शिसोदिया की होयसळ हा वाद पुढेही चालू राहील. पण बाबाजी पाटील, मालोजी, विठोजी ही नावं, श्रीगोंदा, वेरूळ, शिंगणापूर, इंदापूर ही गावं आणि हिंगणी बेरडीची पाटीलकी, एवढं तरी निश्चित आहे. स्वराज्य ज्यांनी उभं केलं त्यांच्या घरात सारा किती बसतो, दुष्काळात कुळ गाव का सोडतं आणि पाटील रयतेला कसा नाडतो, याची माहिती पुस्तकातून आलेली नव्हती. ती मालोजीराजांच्या आधीपासून घरातच होती. पुढे शिवरायांनी जमिनीची मोजणी करून सारा ठरवला, मातब्बर वतनदारांना वेसण घातली आणि रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका असा हुकूम काढला, तेव्हा ती उपयोगी पडली.